दहापर्यंत मोजायचं

एकवीस वर्षं मी नेरुळमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवलं. लोकांना वाटतं, हा बोलण्याचा धंदा आहे. खरं तर यातलं निम्मं काम तोंड मिटून बसण्याचं असतं, आणि आमच्या घरी विचाराल तर या कामाला माझ्याइतकं नालायक माणूस शोधून सापडलं नसतं. नवरा म्हणतो, हिच्याशी बोलताना वाक्याचा फक्त पहिला अर्धा भाग आपण आणायचा, उरलेला तीच पुरवते.

या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे विद्यार्थ्यांचे गमतीदार किस्से मागितले होते. म्हणजे कोण काय चुकीचं बोललं, ते. ते मी देणार नाही. चुकतमाकत बोलणाऱ्याला हसायचं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आणि तो रोग होता म्हणूनच माझा क्लास चालला. किस्सा सांगायचाच तर माझ्या स्वतःच्या चुकीचा सांगते. त्यातही कौतुक व्हायचं ते एका बाईचंच होईल, माझं नाही.

आधी धंदा समजावून सांगते. क्लास म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा, बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पांढरा फळा. येणारी माणसं इंग्रजीला अगदी अनोळखी नसायची. बऱ्याच जणांना वाचता यायचं, फॉर्म भरता यायचा, मेसेज कळायचे. समोर माणूस उभा राहिला की मात्र वाचा बसायची. अशांना आणखी व्याकरण पाजून काही होत नाही. सायकलची चेन कशी बसवायची हे पाठ असलं म्हणून सायकल चालवता येते असं नाही.

म्हणून आम्ही खेळ खेळायचो. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, कळलं नाही तर विचारायचं, सगळं इंग्रजीत. कधी एकाने दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट व्हायचं आणि दुसऱ्याने अपॉइंटमेंट नसलेला पेशंट. कधी नुसते प्रश्नच विचारायचे, उत्तर देईल तो बाद. सुरुवातीला मी पुस्तकात बघून लंडनच्या हॉटेलात खोली मागण्याचे संवाद करून घ्यायचे. शिरवण्याच्या एका कारखान्यातला सुपरवायझर एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, खोली नको. साहेबाकडे रजा कशी मागायची ते शिकवा." त्या दिवसापासून आमचं लंडन बंद झालं.

सगळ्या खेळांना मिळून नियम एकच होता. बोलणारा शब्दासाठी अडला, तर त्याच्या तोंडात कुणीही शब्द घालायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण दहा आकडे फार लांबलचक असतात. तीनला माणूस छताकडे बघतो, पाचला कपाळावर घाम येतो, सातला आपल्यालाच कसंतरी व्हायला लागतं. मग आठ-नऊच्या आसपास बहुतेक वेळा त्याचा शब्द येतो. तो त्याने स्वतः खणून काढलेला असतो, म्हणून राहतो. मी दिलेला शब्द दाराबाहेर चप्पल घालेपर्यंत पडून जातो. हा नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला होता. मुख्यतः माझ्यासाठी.

हिराबाई आली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. अंगावर कडक इस्त्रीची साडी, केसात अबोलीचा गजरा. करावे गावातली आहे म्हणाली, आणि मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाकडे मासळी द्यायला आली असेल आणि दार चुकली असेल. मी जिना दाखवला. ती शांतपणे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मना विंग्लिस बोलायचा हाय. दीड महिना हाय माझ्याकडं."

हकिगत अशी होती. नवऱ्याची खाडीत होडी, आणि हिच्याकडे सासूपासून चालत आलेलं वाळवण. पावसाळा सोडला तर जवळा आणि कोळंबी उन्हात वाळवायची आणि विकायची. गावातल्या आणखी दहा-बारा बायका त्याच जागेवर हेच काम करायच्या. आता खाडीकिनारा सुशोभित करायचा घाट घातला होता. त्याचा आराखडा एका सल्लागार कंपनीकडे होता, आणि नकाशात बरोबर त्या वाळवणाच्या जागेवर लाकडी डेक, बाक आणि पक्षी बघायची सोय काढलेली होती. बायकांसाठी मागच्या बाजूला पत्र्याची शेड दाखवली होती. गावातली पुढची बैठक दीड महिन्यावर होती, पहिली नुकतीच झाली होती. कंपनीचे मोठे आर्किटेक्ट चेन्नईचे, त्यांना मराठी अजिबात कळत नव्हतं आणि हिंदी जेमतेम. हिराबाई उठली आणि आपल्या भाषेत बोलली. तिचा पुतण्या दुभाष्या म्हणून उभा होता, चांगला शिकलेला, आयटी कंपनीत नोकरी करणारा.

"पाच मिन्टा बोलली मी," ती मला म्हणाली. "आनि त्याच्या तोंडातून निघाला येवढासा. साहेब हसला, वहीत लिवला, संपला. बाकीचा माझा कुठं गेला?"

हे "बाकीचा" काय होतं, ते मी त्याच वेळी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी तिला क्लासच्या वेळा सांगितल्या.

शाळा सातवीपर्यंत झालेली. इंग्रजी म्हणाल तर गिऱ्हाइकांकडून आणि टीव्हीवरून उचललेले शंभरेक शब्द, ते कशाही क्रमाने यायचे. पण ती थांबत नसे. तिची जोडी मी मुद्दाम जाधवकाकांशी लावली. जाधवकाका मूळचे साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, सीवूड्सच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. पण मनात वाक्य पूर्ण तयार झाल्याशिवाय ते ओठ हलवत नसत, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असे. पाठीला पाठ लावून दोघं बसली. हिराबाईच्या हातातल्या चित्रात एक स्वयंपाकघर होतं. ती सांगत सुटली. काका कागद धरून स्तब्ध. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता आणि तो अजून शिजत होता. शेवटी तिने मागे वळून न बघता म्हटलं, "काका, आस्क. राँग आस्क, नो प्रॉब्लेम." काकांनी विचारलं. पहिल्यांदाच, अर्धवट आणि चुकीचं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या सात महिन्यांच्या शिकवण्याने जे झालं नव्हतं ते या बाईने एका वाक्यात केलं, हे मला मान्य करायला जड गेलं, पण मी केलं.

दहा मोजायचा नियम मात्र तिला शिकवावा लागला नाही. मी तो समजावून सांगितला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, उद्या बाजारात या. गेले. तिच्या पाटीसमोर एक बाई सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा, वाटा हातात घेऊन घुटमळत होत्या. मला राहवेना. मी म्हणणार होते, घ्या हो, चांगले आहेत. हिराबाईने नुसती नजर टाकून मला गप्प केलं. तीही गप्प. चेहऱ्यावर ना आग्रह ना घाई. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्या बाईंनीच पिशवी उघडली. गिऱ्हाईक गेल्यावर हिराबाई म्हणाली, "हातात माल असला का आपन गप. पयला बोलला तो भावात उतरला." मी ते वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. एवढी वर्षं प्रशिक्षणवर्गांतून आणि जाडजूड पुस्तकांतून जे शिकले होते ते या बाईला सासूने पाटीमागे बसवून शिकवलं होतं.

पुतण्या वाईट नव्हता. काकीची धडपड बघून त्याने तिच्या मोबाइलवर भाषांतराचं ॲप टाकून दिलं. आपण मराठीत बोलायचं, ते इंग्रजीत बोलून दाखवतं. तिने दोन दिवस वापरलं आणि बंद केलं. श्वास घ्यायला थांबलं की ते लगेच बोलायला लागतं, अशी तिची तक्रार होती. "तो पन मधीच तोंड घालतो," ती म्हणाली.

इथवर सगळं छान होतं. मग दुसरी बैठक जवळ आली आणि माझा धीर सुटला. हिराबाईचा नाही, माझा. मोठी माणसं येणार, मायक्रोफोन असणार, आणि ही माझी विद्यार्थिनी त्यांच्यापुढे "नो प्रॉब्लेम" करत बोलणार, या विचाराने माझी झोप उडाली. मग मी ते केलं जे इतकी वर्षं मी इतरांना करू नका म्हणत आले. मी तिला भाषण लिहून दिलं. पंधरा वाक्यांचं, गुळगुळीत, त्यात पारंपरिक व्यवसाय, पुरेशा सुविधा, सहकार्याची अपेक्षा असे सगळे शब्द. शेवटचे दहा दिवस खेळ बंद झाले आणि पाठांतर सुरू झालं. जाधवकाका घड्याळ लावून बसायचे. ती मधेच कागद सोडून काहीतरी सांगायला बघायची, उन्हाचं, दुपारच्या वाऱ्याचं, जमिनीचं. मी म्हणायचे, हिराताई, ते नंतर, आधी हे पक्कं करू. ती निमूट परत पहिल्या वाक्यापासून सुरू करायची. मोठ्या विश्वासाने करायची, हेच मला आज जास्त टोचतं.

बैठक समाजमंदिरात होती. हिराबाईने मला बोलावलं होतं. "नुस्त्या बाजूला बसा, तेवढा बरा वाटंल," एवढीच तिची अपेक्षा. भिंतीवर नकाशा लावलेला, पुढे आर्किटेक्टसाहेब, साठीचे, पांढऱ्या मिशांचे, सभ्य गृहस्थ. त्या दिवशी वाळवणाच्या जागेचा निकाल लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. आज बदल झाला नाही तर नकाशा तसाच पुढे मंजुरीला जाणार होता.

हिराबाई उभी राहिली. पहिली चार वाक्यं खणखणीत आली. पाचव्याला साहेबांनी अगदी नम्रपणे तिला थांबवून विचारलं की, मॅडम, आम्ही तुम्हाला शेड दिली आहे, ती पुरेशी नाही का?

पाठ केलेल्या भाषणाचं हे असं असतं. मधे कुणी खराखुरा प्रश्न विचारला की त्याचा उपयोग संपतो. माझ्या पंधरा वाक्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ती थांबली. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

आणि मी बोलले. उत्तम इंग्रजीत, तीन वाक्यं. यांना असं म्हणायचंय की शेड लहान आहे, थोडी मोठी आणि हवेशीर करून दिलीत तर या सगळ्या भगिनी आपल्या आभारी राहतील.

साहेबांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले, नक्कीच करू म्हणाले आणि वहीत मोठी शेड असं लिहिलं. पुढचा प्रश्नही त्यांनी मलाच विचारला. शेजारी उभी असलेली बाई त्यांच्या लेखी संपली होती. पुतण्याने निदान तिचं कापून लहान केलं होतं. मी तर तिच्या तोंडात असं काही घातलं होतं जे तिला म्हणायचंच नव्हतं. तिला शेड नकोच होती. मोठी नको, लहान नको, कुठलीच नको. मला हे माहीत नव्हतं. दीड महिना रोज दीड तास ती माझ्यासमोर बसत होती आणि मी तिची क्रियापदं ऐकत होते.

तिला माझं सगळं इंग्रजी कळलं नसेल, पण "बिगर शेड", म्हणजे मोठी शेड, एवढं कळलं. तिचा हात माझ्या मनगटावर आला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "धा झाले नाय."

मी खाली बघितलं. कान तापले होते. ती साहेबांकडे वळली.

"सर. नो शेड." मग थोडं थांबून, सावकाश, "सर, युवर मदर. पापड मेकिंग?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेब गोंधळले, मग हो म्हणाले. त्यांच्या आईचे तांदळाचे पापड गल्लीत प्रसिद्ध होते.

"पापड ड्राय, व्हेअर?"

एवढं विचारून ती गप्प झाली. बाजारात व्हायची तशीच. चेहऱ्यावर ना आग्रह ना घाई. साहेबांना वाटलं असावं ती पुढे काही बोलेल. साहेबांबरोबर आलेली कंपनीतली एक तरुण मुलगी काहीतरी सांगायला पुढे झाली, साहेबांनी हाताने तिला थांबवलं. मी या वेळी नीट मोजत होते. सहा. सात. आठ. त्यांची नजर नकाशावरून निघून कुठेतरी लांब गेलेली होती. नऊला ते म्हणाले, "ऑन द टेरेस."

"बेडरूम, व्हाय नॉट?" हिराबाईने विचारलं.

आधी मागच्या बायका हसल्या, मग सगळं सभागृह. साहेबही हसले, आणि हसता हसता थांबले. वहीतल्या मोठ्या शेडवर त्यांनी रेघ मारली. मी शेजारीच होते, मी बघितली.

त्यानंतर तिने आपलं "बाकीचं" सांगितलं. रूफ, नो सन. नो सन, स्मेल. स्मेल, नो कस्टमर. वारा म्हणायचा होता तेव्हा अडली, सहापर्यंत गेली, आणि पदर हवेत धरून फडफडवून दाखवला. खाडीवरचा दुपारचा वारा थेट त्याच तुकड्यावर येतो, मागे शेडच्या जागी तो इमारतींनी अडतो. जमीन तीन पिढ्या चोपून चोपून अशी झाली आहे की तिच्यावर पसरलेल्या जवळ्याला वाळू लागत नाही. नवी जमीन अशी व्हायला नातवंडं म्हातारी व्हावी लागतील. हे सगळं तिने मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करत आणि दर दोन वाक्यांनी साहेबांनाच प्रश्न विचारत सांगितलं. माझ्या नुसत्या प्रश्नांच्या खेळात ती कधी जिंकली नव्हती. कारण तिथे तिला विचारण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी साहेबांनीच विचारलं, जागा दाखवाल का? ती त्यांना घेऊन गेली. मीही मागून गेले. तिने त्यांना बूट काढायला लावले आणि तळहात जमिनीवर टेकवायला सांगितला. ते वाकले, हात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी तिथे काही बोलले नाही, पण त्यात माझं कर्तृत्व नाही. मला बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

जाधवकाकांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. माझं बोलणंसुद्धा. ते म्हणाले, "मॅडम, यू वेअर ॲफ्रेड." त्यांचं हे वाक्य त्यांच्या मानाने फार लवकर आलं होतं. मी चिडले, कारण ते खरं होतं. माझी लाज जाईल ही माझी भीती होती, तिची नव्हती.

हिराबाई त्यानंतर क्लासला आली नाही. रागावली म्हणून नाही, हंगाम सुरू झाला होता. मीही बाजाराकडे फिरकले नाही. वेळ नाही असं स्वतःला सांगत राहिले. माफी मागण्यासाठी इंग्रजीत किती तरी शब्द आहेत आणि मी ते सगळे इतरांना शिकवले आहेत.

चार-पाच महिन्यांनी, क्लास सुटायच्या वेळी ती दारात उभी राहिली. हातात पेपरात बांधलेला पुडा. नकाशा बदलला होता. डेक उत्तरेकडे सरकला, वाळवणाची जागा राहिली, कोपऱ्यातला एक तुकडा रस्त्याला गेला. तुकडा गेल्याचं तिला वाईट वाटत होतं आणि बाकीची राहिल्याचा आनंदही होता, आणि दोन्ही ती एकाच दमात सांगत होती. सोडे आणले होते. माझ्या टेबलावर पुडा ठेवून ती नेहमीची खुर्ची ओढून बसली. भिंतीवर माझा नियम चिकटवलेला होताच.

मी म्हटलं, "हिराताई, त्या दिवशी मी मधे बोलले. चुकलं माझं. तुम्हाला काय सांगायचंय ते मी कधी विचारलंच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडात वाक्यांची रांग लागली होती. मला तुमची काळजी होती, माझा हेतू वाईट नव्हता, साहेबांनी अचानकच विचारलं. मी ओठ मिटले आणि मोजायला लागले. चार आला, गेला. सात. नऊ. दहा. ती अजून गप्पच होती. मी पुढे मोजत राहिले, अकरा, बारा.

तेव्हा कुठे ती हसली.

"आता जमला तुमाला," ती म्हणाली.